जिन्याजवळचा बोर्ड

चौथी ओळ अक्काने डोळे मिटून वाचली.

एकही अक्षर चुकलं नाही. दोन्ही हातांनी तिने खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि मान किंचित मागे टाकली होती. बसने वळण घेतल्यावर उभ्या माणसाचं होतं तसं काहीतरी तिचं बसल्या जागी चाललं होतं. चष्मेवाले हातातलं भिंग तसंच धरून उभे राहिले.

"पुढची ओळ," ते हळूच म्हणाले.

अक्काने पुढचीही म्हटली. डोळे मिटलेलेच.

चाळीस वर्षं दुकान चालवल्यावर हा प्रकार त्यांना नवा नव्हता. बाकावर नंबरची वाट बघणारं गिऱ्हाईक समोरच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून टाकतं. मुद्दाम नाही, नजरेला दुसरं काम नसतं म्हणून. मग खुर्चीत बसल्यावर ते शेवटची ओळसुद्धा धडाधड म्हणतं, आणि आठ दिवसांनी चष्मा घेऊन परत येतं की दिसत नाही. म्हणून चष्मेवाल्यांकडे तीन तक्ते होते आणि तपासणी नसेल तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून टांगलेले असत. पण अक्का थोरली बहीण. रोज दुपारी दुकानात येऊन बसणारी. तिला तिन्ही तक्ते पाठ होते.

"अक्का, डोळे उघड."

"उघडते. दुकान थांबू दे आधी."

दुकान थांबायला बराच वेळ लागला. मग तिने डोळे उघडले, पदराने ओठांवरचा घाम टिपला आणि हुकूम सोडला की नंबर बदललाय, नवी काच घाल. तीन आठवडे झाले, उठताना जमीन एका बाजूला सरकते, जुन्या चष्म्याने दुसरं काय होणार. चष्मेवाल्यांनी दोनदा तपासलं. नंबर दोन वर्षांपूर्वीचाच होता, पाव अंशानेही हललेला नव्हता.

"मग तुझं मशीन बिघडलंय," अक्का म्हणाली. "छोट्या, मशीन दाखवून घे कुणाला तरी."

बासष्टाव्या वर्षी छोट्या म्हणवून घेणाऱ्या चष्मेवाल्यांनी मशीन बंद केलं. तिच्या पिशवीतून एका डायरीचा हिरवा कोपरा डोकावत होता. ते मुखपृष्ठ ते ओळखत होते.

हा अभ्यास कशासाठी आहे?

रक्तदाबाच्या एका नव्या गोळीसाठी. हॉस्पिटलातर्फे अडतीस माणसं ती गोळी घेत होती, रोज सकाळी एक, आणि हिरव्या डायरीत रोज एक खूण करत होती. बरं वाटलं, किंवा बरं वाटलं नाही, आणि वाटलं नसेल तर काय झालं. सहा आठवडे डायरी स्वच्छ राहिली की सातव्या आठवड्यापासून गोळी दुप्पट. अक्काचा सातवा आठवडा येत्या गुरुवारी सुरू होणार होता. आज सोमवार होता.

एवढं चष्मेवाल्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. माणसांवर कुठलाही अभ्यास करायचा तर हॉस्पिटलची एक कमिटी तो आधी तपासते, तो रीतीने आणि नीतीने चाललाय ना हे बघते. कमिटीत डॉक्टर असतात, एक वकील असतो, आणि नियमाप्रमाणे एक असा माणूस असावा लागतो ज्याला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही. गेली सहा वर्षं तो माणूस म्हणजे चष्मेवाले. रुग्णाने सही करायच्या आधी 'हा अभ्यास कशासाठी आहे?' असल्या प्रश्नोत्तरांचा जो कागद वाचायचा असतो, ते संमतीपत्र, ते त्यांनी वाचायचं आणि जिथे अडेल तिथे समासात पेन्सिलीने छोटं वर्तुळ काढायचं. वर्तुळ असलेला कागद परत जायचा आणि सोपा होऊन यायचा.

पहिल्या वर्षी समासात वर्तुळांच्या माळा लागल्या. डॉक्टर मंडळी वैतागली, मग सरावली. हळूहळू माळा विरळ झाल्या आणि गेल्या दोन वर्षांत एकही वर्तुळ निघालं नव्हतं. आपले कागद आता सुधारले, असं सगळे म्हणत. चष्मेवाल्यांनाही तसंच वाटायचं.

या गोळीचं संमतीपत्र त्यांनी एका बैठकीत, बिनवर्तुळाचं, पुढे सरकवलं होतं. तेव्हा अक्का त्यात नव्हती. नंतर कधीतरी ती आपणहून गेली आणि नाव घालून आली. सांगितलंही नाही. आता तिच्या चेहऱ्यावरचा उतरता पांढरेपणा बघताना त्यांना पहिल्यांदाच शंका आली, की कागद सुधारले की तक्ता पाठ झाला.

तुम्हाला काय करावं लागेल?

डायरी भरावी लागेल. अक्काने भरली होती. एकोणचाळीस दिवस, एकोणचाळीस खुणा, सगळ्या 'बरं वाटलं'च्या चौकटीत, एका उंचीच्या, एका तिरकसपणाच्या.

"हे खोटं आहे," चष्मेवाले म्हणाले.

"खोटं कशाने? बरंच वाटतं मला. चक्कर चक्करेच्या जागी, बरं बऱ्याच्या जागी."

चष्मेवाल्यांनी वाद घातला नाही. त्यांनी स्टूल ओढून तिच्यासमोर मांडलं आणि गिऱ्हाइकाला विचारतात तसं एकेक विचारत गेले. कधी होतं, उठताना की बसताना, किती वेळ. अक्काने दोन प्रश्न उडवून लावले. तिसऱ्याला ती म्हणाली की असं तोंडी काय सांगायचं, आकडे चुकतील. पिशवीच्या आतल्या कप्प्याची चेन तिने उघडली आणि एक छोटी, कोपरे दुमडलेली वही काढून त्यांच्या मांडीवर टाकली.

तुमची माहिती कुठे ठेवली जाईल?

अक्का एकोणतीस वर्षं वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसलेली बाई. त्या खिडकीच्या दोन वह्या होत्या. पक्क्या वहीत तक्रार चढली की त्या भागातल्या लाइनमनच्या नावावर शेरा पडायचा, मग तार त्याने तोडलेली असो की वाऱ्याने. म्हणून अक्का तक्रार आधी कच्च्या वहीत लिहायची, वार, वेळ, खांबाचा नंबर सगळं, आणि लाइनमनला तोंडी पिटाळायची. दिवे आले की ते पान तिथेच संपायचं. लोकांचे दिवे लागत, लाइनमनची नोकरी निर्वेध चाले, आणि सगळ्यात कमी तक्रारींची ढाल दरवर्षी तिच्या ऑफिसला मिळे. तेवढ्या वर्षांत त्या गावचा अंधार पक्क्या वहीत जवळजवळ आलाच नाही.

निवृत्त होऊनही वह्या दोनच राहिल्या होत्या.

मंगळवार, सकाळी सात वीस. पलंगावरून उठताना. वीसपर्यंत मोजलं, मग थांबलं.

शुक्रवार, अकरा पाच. भाजी निवडताना. बसलेली असून.

शनिवार. नाही.

रविवार, नऊला. जिन्यात, वरून चौथी पायरी. कठडा होता म्हणून.

चष्मेवाल्यांनी शेवटची नोंद पुन्हा वाचली.

"कठडा होता म्हणून काय?"

"म्हणून काही नाही. म्हणून तुझ्यासमोर बसलेय."

बाहेर कुणी गिऱ्हाईक काचेवर टकटक करून फ्रेम बघत उभं होतं. चष्मेवाल्यांनी हात करून त्याला उद्या यायला सांगितलं.

त्रास झाल्यास काय करायचं?

या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या खास अभिमानाचं होतं. मूळ कागदात 'प्रतिकूल घटना उद्भवल्यास तत्काळ अवगत करावे' असं लिहिलेलं असायचं. फार पूर्वी, दुसऱ्याच बैठकीत, त्यांनी त्या वाक्याला असं काही वर्तुळ घातलं होतं की तेव्हापासून हॉस्पिटलच्या प्रत्येक संमतीपत्रात ते साध्या भाषेतच येई. त्यांनी ते आता म्हणायला सुरुवात केली, तर अक्कानेच ते पुरं केलं.

"काहीही त्रास झाला तर लगेच कळवा. कळवल्यामुळे तुमच्या उपचारांवर काहीही परिणाम होणार नाही. पाठ आहे मला. दोनदा वाचून मग सही केली."

"म्हणजे कळलं होतं."

"न कळायला काय झालं? माझ्यावर परिणाम होणार नाही, हे कळलं. पोरीवर?"

"कुठल्या पोरीवर?"

"डायरी बघते ती. मोठी गोड पोर आहे. तिच्याबद्दल तुमच्या कागदात एक अक्षर नाही."

चष्मेवाले म्हणाले की तिचा यात काय संबंध, चक्कर तुला येते. अक्काने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती पूर्वी खिडकीबाहेरच्या नवख्या माणसाकडे बघत असावी.

"सहा वर्षं जातोयस ना तिथे? मग जिन्याजवळ काय लावलंय ते वाच."

वही द्यायला मात्र ती तयार झाली. एका अटीवर. तिच्या चक्करेपायी त्या पोरीच्या नावापुढे लाल ठिपका लागला, तर छोट्याने तिला तोंड दाखवायचं नाही. कसला ठिपका हे चष्मेवाल्यांना समजलं नव्हतं, तरी त्यांनी मान हलवली. मग तिला घरापर्यंत सोडायला गेले. पायऱ्यांवर ती त्यांच्या पुढे होती आणि कठड्याला हात लावत नव्हती, त्यांना दिसावं म्हणून.

कोणाला विचारायचं?

मंगळवारी सकाळी चष्मेवाल्यांनी आधी ऑफिसातून ते संमतीपत्र काढून घेतलं. एका कोऱ्या कार्डाने खालचं सगळं झाकून, एकेक ओळ उघडी करत, जणू आज पहिल्यांदा डोळ्यांपुढे आलंय असं वाचलं. मग तळापासून वर वाचलं. पेन्सिल कागदाला टेकली नाही. चांगलं लिहिलं होतं. हे कळून त्यांना बरं वाटायला हवं होतं.

मग ते जिन्याजवळ गेले.

कमिटीची खोली वरच्या मजल्यावर होती. हा जिना ते महिन्यातून एकदा चढत. तिसऱ्या पायरीचा टवका त्यांना माहीत होता, कठड्याचा ढिला खिळा माहीत होता. भिंतीवरचा बोर्ड त्यांनी कधी वाचला नव्हता. वर निळ्या अक्षरांत 'आमची गुणवत्ता, आमचा अभिमान'. खाली रुग्णांशी रोज संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांचे फोटो, चार ओळींत. प्रत्येक फोटोखाली 'या महिन्यातील तक्रारी' आणि एक आकडा, त्याच्या शेजारी ठिपका. शून्य असेल तर हिरवा, एक जरी असली तरी लाल. दुसऱ्या ओळीत हसऱ्या चेहऱ्याची एक मुलगी होती. शून्य. हिरवा. फोटोच्या कोपऱ्यात आठ छोटे तारे, मागच्या आठ महिन्यांचे.

तीच मुलगी तळमजल्यावरच्या एका अरुंद खोलीत, गोळी दुप्पट करण्याआधी तपासायला मागवलेल्या हिरव्या डायऱ्या उंचीप्रमाणे लावत बसली होती. सगळ्या सारख्याच उंचीच्या होत्या. चष्मेवाल्यांना बघून तिने खुर्ची पुढे केली, काका म्हटलं, पाणी दिलं. कमिटीवाले खाली येत नाहीत सहसा, असंही म्हणाली, टोमणा वाटणार नाही इतपत हसून.

त्यांनी विचारलं तेवढं तिने सांगितलं. अडतीस माणसं, कुणालाही कसलाही त्रास नाही. कुणी त्रास सांगितला तर पिवळा फॉर्म भरायचा, तो डॉक्टरांकडे जातो, गोळी थांबते किंवा कमी होते. पिवळ्या फॉर्मची एक प्रत क्वालिटीवाल्यांकडे जाते. ते मोजतात.

"म्हणजे त्रास आणि तक्रार एकत्रच मोजतात?"

मुलीने टेबलावरची पेनं सरळ केली. सरळच होती.

"डॉक्टर म्हणतात वेगळं असतं. पण बोर्डवर रकाना एकच आहे."

"आणि लाल झालं तर?"

लाल झालं तर काही होत नाही, ती म्हणाली. माझ्याआधी इथे एक ताई होत्या, त्यांचं तीन महिने लाल झालं, आता त्या खाली तळघरात जुन्या फायली बघतात. तेही कामच आहे.

चष्मेवाल्यांनी खिशावर हात ठेवला होता, जिथे कच्ची वही होती. काढावी तर अट मोडते, न काढावी तर परवा गुरुवार. मुलगी त्या हाताकडे बघत होती.

"काका, अक्का तुमच्या कोण लागतात?"

"बहीण. तुला काय माहीत?"

"हनुवटी तुमचीच आहे." मग तिचा आवाज खाली आला. "पहिले दोन आठवडे त्या वर डॉक्टरांकडे जिन्याने भरभर जायच्या. आता लिफ्टसाठी थांबतात. मी विचारलं, तर म्हणाल्या, लिफ्टमध्ये गप्पा होतात."

चष्मेवाल्यांनी खिशातली वही मुठीत धरली.

"त्यांनी एकदा बोर्डबद्दल विचारलं होतं," मुलगी म्हणाली. "हिरवा ठिपका म्हणजे काय गं. मी म्हटलं, हिरवा आहे तोवर मी तुमच्या डोळ्यांसमोर. गंमत केली मी. मला वाटलं, हसतील."

तिने ड्रॉवर उघडला. पिवळ्या फॉर्मचं पॅड तळाशी होतं, त्याचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. तिने ते फाडलं आणि पेन हातात घेतलं. मग दुसरा हात पुढे पसरला.

चष्मेवाल्यांनी वही दिली.

ती सावकाश उतरवून घेत होती, वार, वेळ, किती मोजलं. चौथ्या पायरीपाशी थांबली, आणि तेही लिहिलं. अक्कांना सांगा, गोळी आजपासून बंद, म्हणाली. डॉक्टरांना मी आत्ता फोन करते. फॉर्म बाजूला ठेवून तिने डायऱ्यांच्या रांगेकडे पाहिलं. एक काढली, उघडली, पुन्हा लावली. मग दुसरी.

"छत्तीस, सदतीस," ती स्वतःशी म्हणाली. "सगळ्याच स्वच्छ आहेत हो, काका."

चष्मेवाले निघाले तेव्हा तिने पहिल्या डायरीवरचा फोन नंबर फिरवला होता. नमस्कार काका, तब्येत कशी आहे, नाही, डायरीत लिहिलंय ते नको, खरी सांगा. आणि माझी काळजी करू नका.

तुम्ही कधीही, कारण न देता, बाहेर पडू शकता.

अक्का बाहेर पडायला तयार नव्हती. गोळी बंद झाली हे तिने ऐकून घेतलं, डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता, तोही ऐकून घेतला होता. पण डायरी परत करायची तिची इच्छा नव्हती. अजून तीन पानं कोरी आहेत, म्हणाली, आता त्यात खरं लिहिते, आता काय बिघडतंय. मग एकदम विचारलं, ठिपक्याचं काय झालं?

चष्मेवाले म्हणाले, उद्या मीटिंग आहे.

"मीटिंगचं नाही विचारलं."

त्यांनी उठून तिच्या घराच्या जिन्याचा कठडा हलवून पाहिला. घट्ट होता.

सही

बुधवारी ते अर्धा तास लवकर पोचले. बोर्डवरचे आकडे सकाळी बदलतात, हे त्यांना मुलीनेच सांगितलं होतं. दुसऱ्या ओळीतल्या हसऱ्या चेहऱ्याखाली शून्याच्या जागी सात होता. ठिपका लाल. कोपऱ्यातले आठही तारे काढून घेतले होते, त्यांच्या जागी गोंदाचे चिकट डाग राहिले होते. बाकी सगळ्या बोर्डवर शून्य आणि हिरवं, शून्य आणि हिरवं, चारही ओळी.

चष्मेवाल्यांनी चष्मा वर सरकवला आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचलं. मग खिशातून पेन्सिल काढली.

बैठकीत सुरुवातीलाच या गोळीचा विषय निघाला. सात जणांना चक्कर, त्यातला एक पडून मनगट मोडलेला, आणि सगळ्यांच्या डायऱ्या स्वच्छ. मात्रा वाढवणं थांबवलं होतं. अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या डॉक्टर होत्या. साध्या साखरेच्या गोळीनेही अडतिसांत कुणाचं तरी डोकं दुखतं, त्या म्हणाल्या, सहा आठवडे एकही तक्रार नाही हे आपल्याला खटकायला हवं होतं. वकिलांनी सुचवलं की संमतीपत्रातच काहीतरी कमी पडलं असणार. सगळ्यांच्या नजरा टेबलाच्या टोकाकडे वळल्या.

चष्मेवाल्यांनी आधी सांगून टाकलं की सातांतली पहिली आपली बहीण आहे, तेव्हा मतदानात मला धरू नका. मग कागद पुढे सरकवला. समास कोरा होता.

"म्हणजे तुम्ही कुठेच अडला नाहीत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"अडलो."

बाईंनी पानं चाळली, पुढून मागे, मागून पुढे. "कितव्या पानावर?"

"पानावर नाही. खाली, जिन्याजवळ."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. अध्यक्षबाई खुर्ची मागे सारून उठल्या. बाकीचेही उठले. पाच-सहा जण एका मागोमाग जिना उतरले, तिसऱ्या पायरीच्या टवक्यावर वकील अडखळले, आणि सगळे भिंतीसमोर दाटीने उभे राहिले.

लाल ठिपक्याला चष्मेवाल्यांनी हातही लावला नव्हता. बाकी चारही ओळींत, प्रत्येक शून्याच्या भोवती, पेन्सिलीचं एकेक छोटं वर्तुळ होतं.

तळमजल्यावरच्या खोलीचं दार उघडं होतं. आतून मुलीचा आवाज येत होता, फोनवर कुणाला तरी विचारत होता की उठताना होतं की बसताना, आणि किती वेळ.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा घातला. तो चष्मेवाल्यांच्याच दुकानातला होता, आणि नंबर बरोबर होता. त्यांनी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून वाचायला सुरुवात केली. पुढची ओळ, असं बराच वेळ कुणी म्हणालं नाही.